ललितचे किडे

एडवण, १२ जानेवारी २०२५

ललित,

आशीर्वाद मनात आहेत, पण कागदावर उतरवत नाही. राग आहे. फोन तू उचलत नाहीस, वॉट्सॲपवर माझ्या निरोपापुढे एकच खूण येऊन थांबते, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस एवढं मलाही कळतं. भांडलास भावाशी, वहिनीनं काय घोडं मारलं होतं तुझं? म्हणून हे पोस्टाचं पाकीट. एडवणहून बोईसरला माणसं सकाळी डबा घेऊन कामाला जातात आणि संध्याकाळी घरी येतात, आणि मी तिकीट लावून पत्र पाठवतेय. पोस्टातल्या बाई पत्ता वाचून माझ्याकडे चष्म्यावरून बघतील. मी म्हणेन, बघताय काय, शिक्का मारा.

तुला वाटेल वहिनी समजूत घालायला बसली. अजिबात नाही. मी या घरात आले तेव्हा तू पाचवीत होतास, तुझ्या शर्टाची बटणं मी लावलीत, त्यामुळे तुला सुनवायचा हक्क माझ्याकडे आहे आणि तो मी सोडणार नाही. पण आज तुझ्या किड्यांबद्दल लिहितेय.

तुझे किडे जिवंत आहेत. घरामागच्या सिमेंटच्या टाकीत तू ठेवलेले आणि तळ्यात सोडलेले, दोन्ही. दोन पावसाळ्यांपूर्वी तू ते जबलपूरहून थर्माकोलच्या डब्यातून आणलेस तेव्हा गाव हसलं होतं, मीही हसले होते. आख्खं तळं जलपर्णीनं भरलेलं, कुत्रं त्यावरून चालत पलीकडे जायचं, आणि हा ती खायला तांदळाएवढे करडे भुंगेरे घेऊन आलाय. आता मी रोज टाकीपाशी जाते. पानं उलटून बघते. पानावर खरवडल्यासारखे बारीक डाग दिसतात, ते त्यांनी खाल्लेले, असं तूच सांगितलं होतंस. डाग वाढलेत. मला त्यात काही गोडी नाही. पाणी घालायला जाते म्हणून दिसतं.

आता जे तुला आवडणार नाही ते. ग्रामसभेत ठरलं ते ठरलंच आहे. एक मेच्या सभेपर्यंत तळं मोकळं झालं नाही तर पाणी समिती तणनाशक मारणार. शांतारामभाऊ समितीचे अध्यक्ष, त्यांच्याच मोटरीत दर दोन दिवसांनी मुळ्या अडकतात, त्यांचाही जीव मेटाकुटीला आलाय, त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पण त्याच तळ्याचं पाणी आपल्या पानवाडीला जातं. विड्याच्या पानाची वेल किती नाजूक, ते बाबांच्या घरात वाढलेल्या तुला मी सांगायला नको. ते औषध पाण्यातून वेलीच्या मुळाशी गेलं तर बाबा काय करतील हा विचार मी करत नाही.

त्या दोन ऑक्टोबरच्या सभेत तू उभा राहून एवढं बोललास आणि तुझ्या बाजूनं हात वर करायची वेळ आली तेव्हा तुझे दादा मांडीवर हात ठेवून बसले. का, ते मी त्यांना विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण उत्तर आलं नाही. शांतारामभाऊ त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की यांच्या तोंडाला कुलूप, हे तुला ठाऊक आहे. तरी तू सगळ्या गावासमोर म्हणालास, मला भाऊ नाही. त्याच संध्याकाळी बॅग घेऊन गेलास. मी लाडू बांधून आणेपर्यंतही थांबला नाहीस.

उत्तर पाठव. नाही पाठवलंस तरी मी लिहिणार आहे.

दमयंती वहिनी

एडवण, ९ मार्च २०२५

ललित,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं. पत्ता चुकला असता तर परत आलं असतं.

बातमी चांगली आहे म्हणून राग बाजूला ठेवते. शिवमंदिराकडच्या कोपऱ्यातली जलपर्णी तांबूस पडायला लागली. आधी मला वाटलं ऊन लागलं. मग मी चप्पल काढून आत उतरले आणि एक रोप उपटलं. देठ नखानं चिरला तर आत पांढुरकी अळी, जाडजूड, मजेत. मला एरवी किडा बघून किळस येते. त्या दिवशी आली नाही. मी ते रोप तसंच्या तसं परत पाण्यात ठेवलं आणि इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाही ना म्हणून.

बायडी वाडीत पानं खुडायला येते ना, तिनं बघितलंच. म्हणाली, "वयनी, लोकं मासं पकरतात, तुमी अळ्या कवा पाळाला लागल्या?" मी म्हटलं, तू तुझं काम कर.

तुझे दादा हल्ली कंपनीतून आले की चहा न घेता तळ्यावर जातात. मोटर बघायला जातो म्हणतात. आपली मोटर नवीन आहे, तिला रोज बघायचं काय आहे हे मला कळत नाही. परवा मी कपाट आवरताना दहा पाकिटं आणि तिकिटांची पट्टी सापडली. मी आणलेली नव्हती. कुणासाठी आणली असं मी विचारलं नाही. या पत्राला त्यातलंच तिकीट लावलंय.

बाबांना तुझ्या किड्यांचं भारी कौतुक. सकाळी काठी टेकत तळ्यावर जातात, तासभर तिथंच. मी विचारलं की म्हणतात, "पोराचं काम हाय, कोन तरी लक्ष ठेवाला पायजे." या वयात त्यांना एक उद्योग मिळाला, मीही अडवलं नाही.

एक विचारायचं होतं. तांबूस झालेली पानं किती दिवसांनी बुडतात? कोपरा सोडला तर बाकी तळं अजून हिरवंगार आहे आणि मे लांब नाही. शांतारामभाऊ काल येऊन बघून गेले. म्हणाले, वहिनी, चार पानं लाल झाली म्हणजे तळं मोकळं झालं असं नाही. खरंच आहे त्यांचं, म्हणून जास्त राग आला.

वहिनी

एडवण, १४ एप्रिल २०२५

ललित,

हे पत्र बसून वाच. मी दोनदा लिहून फाडलं. लपवावं असंही वाटलं, पण तुझे किडे आहेत, तुला कळायला हवं.

गेल्या आठवड्यात मी कोपऱ्यात गेले तर तांबूस पानं नाहीत. सगळं हिरवं. मला वाटलं बुडाली, मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. मग बांधापलीकडे नारळाखाली बघितलं तर ढीग. एक सोडून चार ढीग, डाग पडलेल्या, सडलेल्या रोपांचे, मुळांसकट. आणि बाबा पाण्यात गुडघाभर उभे, हातात आणखी एक रोप.

मी म्हटलं, बाबा, हे काय करताय?

म्हणाले, "कुजकी कारतंव गो. एक पान कुजला का कवळीतली सगली पानं जातात. पोराच्या किड्यांना चांगली पानं नको खाला?"

ललित, मी तिथंच बांधावर बसले. आयुष्यभर या माणसानं विड्याच्या पानांची कवळी लावली. पाट्यावर पानं मांडायची, डाग पडलेलं पान आधी बाजूला काढायचं, मग चांगली मोजून बांधायची. मलाही त्यांनीच शिकवलं. तळ्यात उतरल्यावर त्यांच्या हातांनी तेच केलं. ज्या पानावर डाग ते काढून टाकलं, आणि किडे नेमके त्याच पानावर. दोन पावसाळे जपलेलं सगळं त्यांनी महिनाभर रोज सकाळी उठून, तुझ्यावरच्या मायेनं, बाहेर फेकलं. मी रोज समोरून जात होते आणि मला वाटत होतं म्हातारा बसून किडे बघतोय.

बाबांना काय सांगू? मी सांगितलं. सांगावंच लागलं. म्हणजे आपला राग आवरून सांगितलं असं मी लिहिणार होते, पण खरं म्हणजे मी ओरडले. ते हातातलं रोप बघत राहिले. नंतर म्हणाले, "म्हंजे मी पोराचा घर मोरला?" मग मला रडू आलं.

तू शंभर वेळा सांगायचास, अळ्या देठात आणि कोष मुळाला, रोप ओलं असेल तर तग धरतात. मला ते नुसतं कानावरून गेलंय असं वाटायचं, पण गेलं नव्हतं. मी ढिगात हात घातला. वरचं सगळं वाळून कुरकुरीत, खालच्या थरात मात्र ओल होती. बायडीला हाक मारली, पदर खोचला, टोपल्या घेतल्या आणि आम्ही ती रोपं उचलून पुन्हा तळ्यात टाकायला लागलो.

आता डोळ्यांसमोर आण. दुपार टळलेली, सगळं गाव त्या वाटेनं जातंय. ज्या जलपर्णीनं गावाच्या नाकात दम आणलाय ती धर्माजींची सून टोपल्या भरभरून तळ्यात ओततेय. लोक थांबले. हसले. कुणी मोबाईल काढला. शांतारामभाऊ धावत आले, आणि बायडी त्यांच्याच तोंडावर म्हणाली, "थांबा, अजून दोन ढीग हायत." तेवढ्यात तुझे दादा कामावरून आले, कंपनीच्या निळ्या शर्टात, पायात ते जड बूट. शांतारामभाऊंनी त्यांनाच गाठलं. म्हणाले, "प्रदीप, आवर रे बायकोला. आमी काराला बघतोय आनि ती टाकते."

मला वाटलं आता हे मला घरी चल म्हणतील. त्यांनी ढिगाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. बाबा चिखलात तसेच उभे होते. मग यांनी टोपली उचलली आणि बुटांसकट पाण्यात उतरले. शांतारामभाऊंना एवढंच म्हणाले, "माझ्या भावाचे किडे आहेत."

अंधार पडेपर्यंत आम्ही टाकत होतो. मग बघे पांगले. एकदोन बायका मात्र आत उतरल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाबांना मी घरी पाठवलं तर गेले नाहीत. ओली कुठली नि वाळलेली कुठली, हे त्यांनीच हाताला लावून निवडून दिलं.

किती वाचले मला माहीत नाही. टाकीत आहेत ते मूठभर, तेवढ्यांनी तळ्याला काय होणार? सभा तोंडावर आलीय. बाबा जेवत नाहीत नीट. मला काही लिहू नकोस, पण त्यांना लिही.

वहिनी

एडवण, २ मे २०२५

ललित,

तुझं कार्ड आलं. "बाबा, तुमची चूक नाही. मीच तुम्हाला सांगायला हवं होतं." एवढंच आहे, खाली नाव पण नाही. तरी बाबांनी माझ्याकडून ते इतक्यांदा वाचून घेतलंय की मला पाठ झालं. रात्री भाकरी मागून घेतली. मला तू एक ओळ लिहिली नाहीस ते मी विसरले असं समजू नकोस.

आता कालच्या सभेचं. मी मागे बायकांत बसले होते. शांतारामभाऊंनी सरळ विषय काढला, मुदत संपली, तळं मोकळं नाही, औषधवाल्याला बोलवायचं. ज्यांच्या मोटरी बंद पडतात त्यांनी माना डोलावल्या. मी उठणारच होते, पण माझ्या आधी पानवाडीवाले वामनकाका उठले. त्यांनी भलताच प्रश्न केला. म्हणाले, "औषधाचं ऱ्हाऊ दे. तळ्यातली जलपर्णी संपली का ह्ये किडे काय खातील? आमच्या पानवेली? तवा ललित येनार का निस्तराला?"

खरं सांगते, मलाही शंका आली. तू म्हणाला होतास की ते दुसरं काही खात नाहीत, पण तू इथं नव्हतास आणि तुझ्या नुसत्या म्हणण्यावर कुणी आपली वाडी लावणार नव्हतं. मीही लावली असती का, सांगता येत नाही.

मग तुझे दादा उठले. खाली ठेवलेल्या पिशवीतून त्यांनी लोणच्याच्या दोन बरण्या काढल्या. तोंडाला फडकं बांधलेल्या. माझ्याच बरण्या, महिनाभर शोधत होते मी. टेबलावर ठेवल्या. कुणीतरी हसलं.

मग म्हणाले, "हीत जलपर्णीचं पान हाय. हीत आपलं पान, विड्याचं. दोन्हीत किडे टाकलेले. माझ्या हातानं. मोटरच्या खोपीत ठेवले होते." पहिली बरणी पुढे सरकवली. मग म्हणाले, "हे बघा, जलपर्णी चाळण करून टाकली. आणि ह्या बरणीतले उपाशी मेले, पण पानाला तोंड लावलं नाही. पान रोज ताजं देत होतो. कोवळं पण दिलं, जून पण दिलं."

वामनकाकांनी बरणी उचलली, पान बाहेर काढलं, उजेडात धरलं, पालथं करून बघितलं. बाबांनीही बघितलं. आख्ख्या सभेनं ते एक पान हातोहात फिरवून बघितलं. त्यावर ओरखडा नव्हता.

मोटर बघायला जातो म्हणायचे. ललित, तू गेल्यावर हा माणूस बरण्या घेऊन बसला होता, आणि मला, तुझ्या वहिनीला, एका शब्दानं सांगितलं नाही. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "ललितनं सांगितलं होतं तेव्हा माझी खात्री नव्हती. खात्री नसताना हात कसा वर करू? आणि नाही म्हणून पण कसा करू?" हे तुला त्या दिवशी सांगता आलं नसतं का, म्हटलं. त्यावर ते आंघोळीला गेले.

औषध टळलं. दोन ऑक्टोबरपर्यंत. शांतारामभाऊंनी अट घातलीय की त्यांच्या मोटरीपुढची जागा दर आठवड्याला आपण हातानं साफ करून द्यायची, हिरवी रोपं काढून. डाग पडलेल्या रोपांना हात लावायचा नाही, असं बाबांनी स्वतः त्यांना बजावलं.

वहिनी

एडवण, २८ सप्टेंबर २०२५

ललित,

मध्ये पत्र नाही, कारण सांगण्यासारखं काही दिसत नव्हतं आणि नसलेलं लिहायची मला सवय नाही. पाऊस धो धो पडत होता, तळ्यावर जाणं होत नव्हतं. खरं तर जायची भीती वाटत होती.

तळं मोकळं झालं. सगळं नाही. फुगवून लिहीत नाही, एक तृतीयांश अजून हिरवं आहे आणि तू म्हणायचास तसं थोडं कायम राहीलच, किड्यांनाही जगायला हवं. पण कोपऱ्यापासून मधल्या भागापर्यंत पाणी दिसतं. जून-जुलैमध्ये देठ पोकळ होऊन रोपं माना टाकायला लागली, मग श्रावणातल्या पुरानं ती गठ्ठ्यानं उचलली आणि सांडव्यावरून नेली. दर वर्षी पूर यायचा आणि जलपर्णी जागची हलायची नाही. या वेळी तिच्यात धरून राहायची ताकद उरली नव्हती. शांतारामभाऊंची मोटर महिनाभर अडकली नाही. काल ते तळ्यावर उभे होते. मी जवळून गेले तर म्हणाले, "वयनी, पानी बघून बरं वाटतं." मीही बरं वाटतं म्हटलं. भांडण उकरायला दोघांनाही जीव झाला नाही.

पानवेल छान आहे. बाबा छान आहेत. मी ठीक आहे. तुझी खोली मी झाडते, कारण धूळ बसते.

आता आजचं, ज्यासाठी लिहितेय. सकाळी घिवलीहून चार माणसं टेम्पो घेऊन आली. त्यांच्या गावच्या तळ्यातही हेच. कुणाच्या तरी मोबाईलवर त्यांनी तो एप्रिलमधला व्हिडिओ बघितला होता, मी टोपल्या ओततानाचा. म्हणजे हसायला काढलेला तो व्हिडिओ फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला. त्यांना डाग पडलेली रोपं हवी होती, टेम्पोभर. मी द्यायलाच निघाले होते, आपल्याकडे भरपूर आहेत.

तुझे दादा आडवे आले. म्हणाले, "भावाला विचारल्याशिवाय एक पान मिळणार नाही. किडे त्याचे आहेत." घिवलीवाले म्हणाले, भाऊ कुठं असतात? हे म्हणाले, बोईसरला. ती माणसं माझ्याकडे बघायला लागली. अरे, घिवलीहून बोईसर हाकेच्या अंतरावर, आणि ती बिचारी टेम्पो घेऊन एवढ्या लांब एडवणला आली, तुझ्या किड्यांसाठी. मला हसूही आलं आणि तुझा रागही आला. रिकामा टेम्पो घेऊन परत गेली. येत्या रविवारी पुन्हा येणार आहेत.

उत्तर कार्डानं देऊ नकोस. रोपं कुठली द्यायची, किती द्यायची, त्यांच्या तळ्यात कुठल्या बाजूला सोडायची, हे मला कार्डावरून वाचून दाखवता येणार नाही. खाली तुझ्या दादांना लिहायचंय म्हणतात, म्हणून जागा सोडतेय. लिहितील असं वाटत नाही.

वहिनी

ललित,

घिवलीवाल्यांना रविवार सांगितलाय. मला त्यातलं अर्धंच कळतं. देठ चिरून बघतो पण आत अळी आहे की नाही हे दर वेळी नक्की सांगता येत नाही. तू मला दाखव. रविवारी मी सुट्टी घेतली आहे. सफाळ्याला स्टेशनवर गाडी घेऊन येतो. कितीच्या गाडीनं येतोस ते कळव.

प्रदीप